मावशीच्या रुमालाखाली

मावशीच्या घरात मी भाड्यानं राहायला गेले, तेव्हा खोलीचं भाडं रुमालाखाली ठरलं. ते किती होतं, हे मी आजवर कोणालाही सांगितलेलं नाही. नवऱ्यालाही नाही.

एकोणीसशे नव्वदच्या आसपासची गोष्ट. मी तेव्हा नवी कोरी नर्स होते. नेवासा तालुक्यातल्या एका गावच्या आरोग्य उपकेंद्रात नेमणूक झाली आणि ट्रंक, वळकटी, स्टोव्ह असा संसार घेऊन मी एसटीतून उतरले. खोली कुठे मिळेल म्हणून विचारलं, तर सगळ्यांनी एकाच घराकडे बोट केलं. मावशी ओसरीवरच्या बाजेवर मांडी घालून बसली होती. काळीसावळी, हाडापेरानं दांडगी, मोकळं कपाळ आणि खांद्यावर लाल चौकटींचा भलामोठा रुमाल. मी विचारलं, "भाडं किती घ्याल?" तर तिनं दचकून आजूबाजूला पाहिलं. मी भर रस्त्यात शिवी दिली असती तरी ती एवढी दचकली नसती.

"मोठ्यानं इचारतं का कुनी? ये हिकडं. हात आन."

तिनं माझ्या हातावर रुमाल टाकला, खालून आपला हात सारला आणि माझी काही बोटं दाबली. मला ओ की ठो कळेना. "आता तुज्या बोटांनी सांग," ती म्हणाली. मी घाबरून हाताला लागेल ते बोट दाबलं. मावशी खदाखदा हसली, रुमाल झटकला आणि म्हणाली, "लई घासाघीस करतीस गं. जाऊ दे, दिली खोली." मग माझी हनुवटी वर करून तिनं माझे दात पाहिले. "अजून जुळली न्हाईस, दात पुरं व्हायचं हायेत. लई दिस काम देशील." सरकारी नोकरीत मला मिळालेलं हे पहिलं प्रशस्तिपत्र.

मावशी घोडेगावच्या जनावरांच्या बाजारात दलाली करायची. तिथली रीत अशी, की बैलाचा भाव तोंडानं करायचा नाही. घेणारा आणि दलाल रुमालाखाली हात घालतात, बोटं दाबून आकडा सांगतात आणि तोंडानं मात्र पाऊसपाण्याच्या गप्पा मारत असतात. शेजारी उभ्या असलेल्या माणसाला काय ठरलं ते कळत नाही. माझं स्वतःचं भाडंही मला ही बोटांची भाषा शिकल्यावरच कळलं. रुमालाखालचं पुन्हा तोंडावर आणायचं नाही, हा तिथला कायदा. ज्यानं आणलं त्याच्या हातात दुसऱ्या दिवसापासून कोणी हात देत नाही.

हा कायदा मावशीच्या अंगात इतका मुरला होता, की ती आयुष्यात कुठलाच आकडा तोंडानं उच्चारत नसे. किराणा दुकानात साखर किती पाहिजे, तर दुकानदाराचा हात पदराखाली ओढायची. दुकानदार तरणाताठा, बिचारा लाजून लालेलाल व्हायचा. जेवताना भाकरी किती वाढू, तर बोटं. वय विचारलं तर, "लई हाय." एकदा मी तिचा रक्तदाब मोजला आणि आकडा मोठ्यानं सांगितला, तर फुगून बसली. "माज्या रगताचा भाव बाजारात काढलास," म्हणाली. तेव्हापासून रक्तदाबही रुमालाखाली. तिची ती जाड, खरखरीत बोटं दाबताना मला कॉलेजातल्या आमच्या मेट्रन आठवायच्या आणि हसू दाबता दाबता पुरेवाट व्हायची.

हा धंदा मूळ तिच्या नवऱ्याचा. तो गेला, तेव्हा भावकीनं सल्ला दिला, म्हैस पाळ, दूध घाल, देवाचं नाव घे. मावशीनं पुढच्या बाजाराला नवऱ्याचा रुमाल खांद्यावर टाकला आणि घोडेगावात त्याच्या जागेवर जाऊन उभी राहिली. बाजारात हलकल्लोळ झाला. बाईच्या हातात हात द्यायचा, तोही झाकून! कोणी पुढे येईना. काही टवाळ आले, ते दात काढत आले. मावशीनं त्यांना सरळ विचारलं, "बैल इकायचाय का हात धरायचाय? हात धरायचा आसंल तर घरी जा, बायकू वाट बगतीया." टवाळ गेले ते परत आले नाहीत. मग ज्यांना खरंच बैल विकायचे होते ते आले. तिनं मिळवून दिलेला भाव बघून त्यांचे शेजारी आले. मी गावात गेले तोवर पंचक्रोशीतला असा शेतकरी नव्हता, ज्याचा हात मावशीनं धरला नव्हता. हे ती स्वतःच सगळ्यांना सांगायची, आणि सांगून झालं की ज्याच्या त्याच्या बायकोकडे बघून डोळा मारायची.

तिचा एकच वैरी होता. चाचा. तोही आमच्याच गावचा, त्याच बाजारातला दलाल. कधीकाळी एका खिल्लार जोडीच्या सौद्यावरून दोघांचं बिनसलं होतं आणि तेव्हापासून बोलणं बंद होतं. पण धंदा एका बाजारातला, एकमेकांवाचून सुटका नाही. त्यामुळे तोंडानं अबोला आणि रुमालाखाली दर बाजारी भांडण. एकदा मावशीनं रुमालातून हात बाहेर काढला आणि झटकत म्हणाली, "शिव्या देतोय मेला!" बोटांनी शिव्या कशा देतात, हे मात्र तिनं मला कधी शिकवलं नाही.

ते बिनसलं कशावरून, ते सांगायला हवं. चाचानं त्या खिल्लार जोडीतला एक बैल एका गावाला आणि दुसरा दुसऱ्या गावाला विकून दिला होता. मावशीच्या धर्मात याला क्षमा नव्हती. "रंग सारका म्हून जोडी व्हत न्हाई, शिंगं सारकी म्हून व्हत न्हाई. चाल जुळली की जोडी. आन जुळलेली जोडी फोडली की दो—" इथं आकडा तोंडात आल्यामुळे ती जीभ चावायची आणि पुन्हा सुरू करायची, "फोडली की समदी बैलं मातीला जात्यात."

चाल बघायच्या तिच्या वेडातून माणसंही सुटली नव्हती. कोपरगावाहून मला बघायला एक स्थळ आलं, साखर कारखान्यात कारकून. आई-वडील लांब, म्हणून मावशीच यजमानीण. चहा-पोहे झाले, आणि मावशीनं पाहुण्याला सांगितलं, "पावनं, जरा त्या लिंबापतूर जाऊन माघारी या बरं." तो भला माणूस उठला, अंगणाच्या टोकाच्या लिंबापर्यंत गेला आणि परत आला. मावशी माझ्या कानाशी लागली, "चाल नीट हाय, पर मान खाली घालतो. ह्यो तुला भिऊन ऱ्हाईल." मी त्याच्याशीच लग्न केलं. मावशीचा अंदाज चुकला नाही. बदली मिळेपर्यंत मी मात्र मावशीकडेच राहिले.

विमल आणि सिंधू अशाच लिंबापर्यंत जाऊन आल्या, आणि मावशीच्या मागच्या खोलीत राहायला आल्या.

विमल गावातली पिठाची गिरणी चालवायची. उंचीपुरी, केसांवर भुवयांवर कायम पीठ, आणि हसली की गिरणीच्या आवाजावर मात करायची. सिंधू अंगानं बारीक, जिभेनं धारदार, पोलकी शिवायची. दोघी एकाच वस्तीवर वाढलेल्या, तिशीच्या अलीकडे-पलीकडे. विमलचे वडील ती लहान असतानाच गेले. तिला चुलत्यानं वाढवलं, आणि तो चुलता म्हणजे गावच्या सोसायटीचा चेअरमन. गाव त्याला चेअरमन याच नावानं हाक मारायचं, मलाही त्याचं दुसरं नाव माहीत नाही. त्यानं विमलसाठी स्थळामागून स्थळं आणली आणि तिनं ती वाटेला लावली. मग एका उन्हाळ्यात दोघी प्रवरेकाठच्या एका महादेवाला गेल्या आणि एकमेकींना हार घालून आल्या. सिंधूच्या आईचं जुनं मंगळसूत्र होतं. त्याच्या दोन वाट्या सोडवून दोघींनी एकेक आपापल्या काळ्या पोतीत ओवली.

त्या थेट मावशीच्या ओसरीवर आल्या. मी आत चहा टाकत होते.

"मावशी, खोली पायजे," विमल म्हणाली.

"कुनाला?"

"आमाला. मला आन सिंधूला. आमी लगीन केलंय."

माझ्या हातून चहाची पूड सांडली. मावशीनं मात्र आवाजसुद्धा चढवला नाही. तिनं भरलेली घागर त्यांच्यापुढे ठेवली आणि सांगितलं, "मिळून धरा, आन लिंबापतूर जाऊन या." दोघी गेल्या. विमलची ढांग लांब, सिंधूची आखूड. पण विमलनं आपली ढांग आखडली, सिंधूनं वाढवली, आणि घागर हिंदकळली नाही. मावशी बाजेवरून उठली. "चाल जुळती हाय. आता ही जोडी माज्या दारात कुनी फोडायची न्हाई." मग तिनं रुमाल पसरला आणि भाडं ठरवलं. त्यांचं किती ठरलं, ते मलाही कळलं नाही.

गावात कुजबुज सुरू झाली ती नळावर. बायकांच्या नजरेतून काही सुटत नाही. एका मंगळसूत्राच्या वाट्या दोन गळ्यांत दिसल्यावर त्यांनी बरोबर हिशेब लावला. दोघी एकाच जातीच्या, एकाच वस्तीवरच्या, त्यामुळे गावाला रागवायला नेहमीचं कारण सापडेना, आणि नवं कारण कोणाला मोठ्यानं बोलता येईना. पण दळण त्याच गिरणीवर जात राहिलं आणि पोलकीही सिंधूकडेच. तिच्यासारखी बाही तालुक्यात कोणाला जमत नव्हती, हेही एक होतंच.

चेअरमनला मात्र हे सोसेना. एका सकाळी तो ओसरीवर आला. खुर्ची दिली तरी बसला नाही.

"मावशी, त्या पोरीस्नी भाईर काढ."

"का रं?"

"का म्हंजी? बाजारात मला तोंड दावायला जागा ऱ्हाईली न्हाई. मी तिला तळहातावर वाडीवलं, आन हिनं काय केलं? पोरीनं पोरीशी लगीन! त्येला लगीन म्हनत्यात व्हय?"

"मग काय म्हनायचं?"

"कायबी म्हन. लगीन म्हनू नगं." त्याचा आवाज चिरकला. "पंधरा आगस्टला ग्रामसभा हाय. मी ठराव मांडनार. गाव ठरवंल त्या गावात ऱ्हायच्या का न्हाई. गावाचा निकाल तुला मान्य का?"

विमल दाराआड उभी होती. तिचा चेहरा मला दिसत होता. पीठ नसतानाही पांढरा पडला होता.

मावशी म्हणाली, "मान्य."

तो गेल्यावर मी मावशीला फाडफाड बोलले. कोणी कोणाबरोबर संसार करायचा हे काय मतं घेऊन ठरवतात? माझं स्थळ तुम्ही लिंबापर्यंत चालवलंत, सभेत नाही नेलंत! तुमच्या लग्नाला कोणी हात वर केले होते? मावशीनं सगळं ऐकून घेतलं.

"खरं हाय तुजं. ह्ये इचारायचं कामच न्हाई कुनाचं," ती म्हणाली. "पर फुडच्यानं बाजार मांडला तर आपुन हात आखडून भागत न्हाई, बाय. न्हाईतर तो आपलं जनावर फुकट नेतो."

पंधरा ऑगस्टला झेंडावंदन झालं, पोरांना गोळ्या वाटून झाल्या आणि मारुतीच्या पारासमोर सभा भरली. एरवी ग्रामसभेला कोरम भरायला माणसं धरून आणावी लागत, त्या दिवशी झाडावरही माणसं होती. बायका कधी नव्हे त्या आल्या होत्या आणि देवळाच्या भिंतीला टेकून बसल्या होत्या. विमल आणि सिंधू मावशीशेजारी. ग्रामसेवकानं आधीच हात वर केले, "हा विषय कायद्यात बसत नाही, मी इतिवृत्तात लिहिणार नाही." चेअरमन म्हणाला, "लिवू नका. बगा नुसतं." मग तो लोकांकडे वळला. "ज्यास्नी वाटतं ह्या दोगींनी गाव सोडावं, त्यांनी हात वर करा."

पहिला हात वर गेला तो शेजाऱ्याकडे बघत. शेजाऱ्याचा गेला तो पुढच्याकडे बघत. कोणी विमलकडे बघत नव्हतं. जो तो दुसऱ्याचा हात बघून आपला उचलत होता.

"हात खाली!"

हा बाजारात कमावलेला आवाज होता. झाडावरच्यांचेही हात खाली आले. मावशी पारावर चढली.

"हितं बसलेल्या कुनी आपल्या बैलाचा भाव उगड्यावर सांगितलाय का आजपतूर? बापानं लेकाला सांगितला न्हाई, नवऱ्यानं बायकूला सांगितला न्हाई. बैलाचा भाव झाकून ठरीवता, आन ह्या पोरींच्या जल्माचा उगड्यावर ठरवाया निगाला? लाज वाटू द्या. मत घ्यायचंय ना? घ्या. पर रुमालाखाली."

सभेत खसखस पिकली. ग्रामसेवक म्हणाला, चिठ्ठ्या टाकू. मावशी म्हणाली, "आक्षर वळखू येतं. आन आंगठेवाल्यांनी काय करायचं?" चेअरमननं बिनतोड हरकत घेतली. "रुमालाखाली हात कुनाचा? तुजा? तू तर त्यांची घरमालकीन."

"माजा न्हाई. चाचाचा."

सगळ्या माना मागे वळल्या. चाचा मावशीचा वैरी, हे शेंबड्या पोरालाही माहीत होतं. तो तिच्या बाजूनं खोटं बोलेल, असं चेअरमनसुद्धा म्हणू शकला नाही. चाचा मागच्या रांगेत शेंगा खात बसला होता. त्यानं मावशीकडे पाहिलंदेखील नाही. फक्त उठला, पायजमा झटकला आणि पारावर येऊन बसला.

रुमाल पुरणार नव्हता, म्हणून एका धनगरानं आपली घोंगडी दिली. चाचाला डोक्यासकट झाकलं. घोंगडीचं एक टोक ग्रामसेवकाच्या हातात, दुसरं माझ्या. मी परगावची, मला मत नव्हतं. टोक तेवढं घट्ट धरून ठेवलं. आत चाचाजवळ शेंगांचं पोतं आणि दोन टोपल्या. "जोडीनं बोटं दाबली तर पोरी ऱ्हातील," मावशीनं सांगितलं, "सुटं बोट दाबलं तर जातील. चाचा तशी शेंग टोपलीत टाकंल. वर बोलायचं ते निस्तं पाऊसपान्याचं."

रांग लागली. एकेक जण येऊन घोंगडीत हात घाली आणि तोंडानं म्हणे, "यंदा बाजरी बरी हाय." दुसरा म्हणे, "व्हय, पर मका वाळली." बायका बांगड्या कोपरापर्यंत सारून, वरून पदर गुंडाळून आल्या, म्हणजे किणकिण नको. एक म्हातारे आजोबा हात घालून जे बसले ते उठेनात. घोंगडी हलायला लागली. शेवटी आतून चाचा ओरडला, "आरं म्हाताऱ्या, भाव काय करतोस! बैल न्हाई, ठराव हाय!" जन्माची सवय, आजोबा रंगात येऊन घासाघीस करत होते. गाव हसता हसता लोळलं. मघाशी एकमेकांचे हात बघत बसलेली हीच माणसं, हे मला खरं वाटेना.

चेअरमन सगळ्यांच्या शेवटी आला. त्यानंही हात घातला. पाऊसपाण्याचं काही बोलला नाही.

घोंगडी काढली. चाचा घामानं निथळत होता आणि त्याचं तोंड हलत होतं. चेअरमन ओरडला, "ह्यानं मतं खाल्ली!" चाचा शांतपणे म्हणाला, "खाल्ली ती पोत्यातली. टोपलीतलीला हात लावला न्हाई, कसम." आणि त्यानं टोपल्या पुढे सारल्या. मोजायची गरजच नव्हती. एका टोपलीच्या तळाला शेंगा होत्या, आणि दुसरीतून त्या ओसंडून पारावर सांडल्या होत्या. ही दुसरी टोपली जोडीची होती.

बायकांच्या बाजूनं कोणीतरी टाळी वाजवली आणि मग काय विचारता! मी घोंगडी टाकून सिंधूला मिठी मारली. मला धाय मोकलून रडू आलं, लाज सोडून. विमल मात्र हसत नव्हती. ती चुलत्याकडे बघत होती. तो फेटा सारखा करत उभा राहिला आणि म्हणाला, "गावानं ऱ्हावा म्हनलंय, ऱ्हावा. लगीन गावानं म्हनलेलं न्हाई." आणि निघून गेला. त्या रात्री विमल जेवली नाही. "समदं गाव न्हाई म्हनलं आसतं तरी चाललं आसतं," ती म्हणाली, "त्यानं हूं म्हनाया पायजे हुतं." मावशी नुसती रुमालाच्या घड्या घालत बसली.

पुढच्याच अमावास्येला पोळा आला. आमच्या गावात पोळ्याला बैलांची लग्नं लागतात. नुसती मिरवणूक नाही, रीतसर लग्न. बैलांच्या कपाळाला बाशिंगं, पाठीवर झुली, शिंगांना बेगड. वेशीत तोरणाखाली जोडी समोरासमोर उभी करायची, मध्ये अंतरपाट धरायचा, गुरवानं मंगलाष्टका म्हणायच्या, गावानं अक्षता टाकायच्या. पहिली जोडी चेअरमनच्या घरची, आणि अंतरपाट धरायचा मानही त्याचाच.

त्या वर्षी चेअरमनचा पाखऱ्या नावाचा बैल वेशीत येऊन अडला. ओढलं, चुचकारलं, शेपूट पिरगाळली, हलेना. त्याच्यामागं अख्ख्या गावाची बैलं खोळंबली. बैल अडला की गावानं मावशीकडे बघायचं, ही रीत. मावशीनं पाखऱ्याच्या मानेवरून हात फिरवला.

"ह्याला ह्याचं मानूस पायजे. वासरू हुता तवापासनं कुनी चारलाय ह्याला?"

सगळ्यांना माहीत होतं कोणी चारलाय ते. चेअरमन जमिनीकडे बघत राहिला. मग त्यानं कासरा तसाच पुढे धरला, आणि गर्दीतून विमल आली. तिनं कासरा घेतला, बैलाच्या कानात काहीतरी पुटपुटली, आणि तो मठ्ठ पाखऱ्या लेकरासारखा चालायला लागला. पण तो चालला तर जोडीचा दुसरा बिथरला. विमलनं मागे वळून हाक मारली, "सिंधे, त्याला धर!" सिंधू आयुष्यात कधी बैलाच्या जवळ गेली नव्हती. तरी आली, डोळे मिटून कासरा धरला आणि विमलच्या पावलाशी पाऊल टाकत तोरणाखाली आली.

जोडी समोरासमोर उभी राहिली. पाखऱ्याच्या तोंडाशी विमल, दुसऱ्याच्या तोंडाशी सिंधू. मावशीनं अंतरपाटाचं एक टोक उचललं आणि दुसरं चेअरमनपुढे केलं. त्याच्या ध्यानात सगळं आलं. गावाच्याही आलं. ढोल आपोआप थांबला.

"मावशी," तो हळूच म्हणाला, "ह्ये कुनाचं लगीन लावाया लागलीस?"

"दर सालाला बैला-बैलाचं लावतोस की," मावशी म्हणाली. "त्यात नवरी कोन, ह्ये कवा इचारलंस का?"

कुणीतरी फसकन हसलं. चेअरमन उभाच. त्याच्या समोर विमल होती, पाखऱ्याच्या बाशिंगाची झिरमिळी तिच्या कपाळावर आली होती. तिनं मान खाली घातली नाही. तो तिच्याकडे किती वेळ बघत होता कोण जाणे. मग त्यानं हात पुढे केला, अंतरपाटाचं टोक धरलं, धोतराच्या सोग्याला डोळे पुसले आणि गुरवावर खेकसला, "म्हन की रं! का तुलाबी हात धरून चालवू?"

गुरवानं सूर लावला. "सावधान" झालं, आणि अंतरपाट दूर व्हायच्या आतच अक्षता उडाल्या. बैलांच्या वाट्याला फार थोड्या आल्या. म्हातारे आजोबा, तो लाजरा दुकानदार, नळावरच्या बायका, सगळे नेम धरून टाकत होते, आणि सिंधूच्या केसांत अक्षतांची ज्वारी अडकली होती. चेअरमननं शेवटी ओंजळभर अक्षता घेतल्या आणि टाकल्या नाहीत. पुतणीच्या डोक्यावर हलकेच ठेवल्या. विमल तिथंच त्याच्या गळ्यात पडून रडली, आणि पाखऱ्यानं तेवढ्यात चुलत्याच्या फेट्याचा शेमला चघळायला घेतला.

मग बाकीच्या जोड्या आल्या, लागल्या, गेल्या. ऊन कलल्यावर पारावर मावशी थकून बसली होती. मी तिच्याशेजारी. तेवढ्यात चाचा समोर आला. मला वाटलं, आता रुमाल मागणार. पण त्यानं खिशात हात ठेवूनच, इतक्या वर्षांनी पहिल्यांदा, तिच्याशी तोंडानं बोलायला घेतलं.

"किती जोड्या लागल्या गं यंदा?"

मावशीचा हात सवयीनं खांद्यावरच्या रुमालाकडे गेला. मग तिनं रुमाल खांद्यावरच राहू दिला, वेशीकडे पाहिलं आणि साऱ्या गावाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली,

"बैलांच्या समद्या. आन वर एक!"

तिच्या तोंडून मी ऐकलेला तो पहिला आणि शेवटचा आकडा.